एवढे कप विसळून द्या

बाई,

तुमची मुलगी माझ्या घरी चहाला येऊन गेली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी ती चहा न घेताच उठली, आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे, म्हणून आज कागद घेऊन बसले. तुम्ही गेल्याला वीस वर्षं तरी झाली असतील. मला ते फार उशिरा कळलं, एका लग्नाच्या मांडवात, शाळेतल्या एका मैत्रिणीकडून. तिनं चुकचुकत सांगितलं आणि मी हातातली बुंदी तशीच ताटात ठेवली. तिला वाटलं, मला वाईट वाटलं. मला राग आला होता. मी तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून काम करते आहे, आणि इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र होतं, की कधीतरी तुम्ही म्हाताऱ्या होऊन माझ्या वॉर्डात याल, पाणी मागाल, आणि मी ग्लास हातात देण्याआधी माझं नाव सांगीन, माझ्या मायचं नाव सांगीन, आणि तुम्हाला आठवेपर्यंत ग्लास तसाच धरून उभी राहीन. तुम्ही दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच कुणाच्या हातचं पाणी पिऊन गेलात.

मी तुम्हाला आठवणार नाही. वसतिगृहातली मुलगी, आलापल्लीच्याही पुढच्या खेड्यातली, बाप सागवानाच्या डेपोत लाकडं चढवायला जायचा आणि माय धानाच्या बांधीत रोवण्याला. तुम्ही रोज तास सुरू व्हायच्या आधी नखं तपासायच्या आणि मी हात पुढे करता करता मागे घ्यायची. गृहशास्त्राची ती लांबट खोली मला आजही दिसते. दोन वातीचे स्टोव्ह, भिंतीवर आहाराचा तक्ता, आणि काचेच्या कपाटात तो निळ्या फुलांचा टी-सेट, जो वर्षातून फक्त प्रात्यक्षिकाला बाहेर निघायचा. आमच्या घरी चहा गंजात, तुम्ही ज्याला पातेलं म्हणता त्यात, उकळायचा, गूळ घालून, आणि ज्याच्या हाती जे भांडं लागेल त्यात ओतला जायचा. तुम्ही आम्हाला किटली आधी गरम पाण्यानं धुवायला शिकवलं, दूध वेगळं ठेवायला शिकवलं, कपाचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताला यायला हवा हे शिकवलं. आणि पाहुण्याकडे बघून, किंचित हसून, 'साखर किती चमचे?' असं विचारायचं. ते वाक्य तुम्ही आमच्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतलं होतं, की वसतिगृहात मुली झोपेत ते बरळतात असं आम्ही एकमेकींना चिडवायचो.

एक गोष्ट मी नाकारत नाही. नर्सिंगचा फॉर्म मला तुम्हीच आणून दिला होता. दहावी झाल्यावर, ऑफिसच्या दारात. 'तुझ्यासारख्या मुलींना हे बरं पडेल, कामाची सवय असते,' म्हणालात. मी तो फॉर्म भरला आणि त्याच्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. पण 'कामाची सवय असते' हे शब्द त्या फॉर्मला चिकटूनच आले, आणि ते कुठून आले हे मला ठाऊक होतं.

त्या दिवसाकडे येते. नववीचं प्रात्यक्षिक. विषय होता 'दुपारचं चहापान'. चार वाजता मुख्याध्यापक, रेंजरसाहेबांच्या पत्नी आणि आणखी दोन अधिकाऱ्यांच्या घरच्या बायका यायच्या होत्या. प्रत्येकीनं घरी केलेला एक पदार्थ आणायचा, आणि वसतिगृहातल्या मुलींनी शाळेतच पोहे करायचे, असं तुम्ही सांगितलं होतं. पोहे करायला मला लाज वाटत होती. मलाही घरचा पदार्थ हवा होता. मी गावाकडच्या एका माणसाजवळ निरोप धाडला, आणि माय स्वतः आली. पहाटे निघाली असेल, नाल्यापर्यंत पायी, मग बसनं. विहारात जायची ती पांढरी साडी नेसून आली होती, डोक्याला तेल लावून, आणि हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा. मी खोलीच्या आत टेबलावर कापड अंथरते आहे आणि ती दारात उभी आहे. चप्पल तिनं आधीच काढून ठेवलेली आहे.

"बाई, मी हिची माय," ती म्हणाली. "पोरगी म्हणे घरचा पदार्थ आना लागते, म्हून घेऊन आली."

तुम्ही डबा घेतला, झाकण उघडलं आणि नाकाजवळ नेऊन लगेच दूर धरलात. "काय आहे हे?"

"लाडू होय जी, मोहाचे. तीळ घातले भाजून."

"मोहाचे?" तुम्ही झाकण लावलंत. "अहो, साहेबांच्या घरच्या बायका यायच्यात. त्यांच्यापुढे मोह ठेवू मी?"

"दारूचे नाई बाई. खायाचे होय."

"तेच ते," म्हणालात, आणि डबा बाहेर पायरीवर, चपलांच्या शेजारी ठेवलात. आवाज चढवला नाहीत. मायकडे पाहिलंही नाहीत. तुमचं लक्ष टेबलावरच्या कापडाकडे होतं. मी ते एका बाजूला जास्त सोडलं होतं, ते तुम्ही सरळ केलंत.

मोहफुलाचे लाडू तुम्ही कधी खाल्ले नसतील. फुलं निवडायची, मंद आचेवर भाजायची, मग उखळात तिळासोबत कांडायची. गूळ घालावा लागत नाही, फुलाचाच गोडवा असतो. मायनं त्यासाठी गेल्या हंगामातली सगळ्यात चांगली फुलं राखून ठेवली होती, हे मला नंतर भावानं सांगितलं. तुमच्या मुख्याध्यापकांनी त्या दिवशी दुकानातली बिस्किटं खाल्ली.

आणि मग शाळेत कप धुवायला यायची ती बाई त्या दिवशी आलीच नाही. कपाटातल्या कपांवर धूळ होती, पाहुणे येण्यात अर्धा तास उरला होता, आणि तुम्ही दाराशी जाऊन मायला म्हणालात, "तुम्ही थांबलाच आहात, तर एवढे कप विसळून द्या." माय म्हणाली, "देते नं बाई." ती नळापाशी उकिडवी बसली, पांढऱ्या साडीचा पदर खोचला, आणि एकेक कप दोन्ही हातांत धरून, फुटेल या भीतीनं, धुवत राहिली. पाहुणे आले. पहिल्या चहाचे कप पुन्हा बाहेर गेले, पुन्हा धुऊन आत आले. मी आत किटली धरून उभी. खिडकीतून नळ दिसत होता. रेंजरसाहेबांच्या पत्नी बाहेर बघून म्हणाल्या, "छान स्वच्छ धुते हो ही बाई. कोण आहे?" तुम्ही म्हणालात, "आहे गावातली एक. कामाला." मी तुमच्या शेजारीच उभी होते. तुम्हाला माहीत होतं ती कोण आहे. मलाही माहीत होतं. त्या बाईंनी मग माझ्याकडे पाहिलं, बहुधा सहजच, कप पुढे करत. आणि मी किंचित हसून विचारलं, "साखर किती चमचे?"

संध्याकाळच्या बसला मायला पोचवायला जायचं होतं. त्याआधी मी पायरीवरचा डबा उचलला. मुंग्या लागल्या होत्या. वसतिगृहाच्या भिंतीमागे जाऊन मी ते लाडू झुडपात टाकले, सगळे, एकही तोंडात न घालता, आणि रिकामा डबा फडक्यात बांधून मायला दिला. बसस्टँडवर तिनं विचारलं, "खाल्ले काय व पोरीयनं?" मी म्हटलं, "हाव. पुरले नाईत." माय नळापाशी बसली होती तिथून ती पायरी समोरच दिसत होती. दोन तास तिनं तो डबा पाहिला होता. ती म्हणाली, "बरं झालं," आणि बसमध्ये चढली. त्यानंतर ती शाळेत कधी आली नाही आणि त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मांडणी उत्तम. पदार्थ आणला नाही.'

तुम्ही मायला जे केलंत ते मी कदाचित पोटात घातलं असतं. पण ते लाडू माझ्या हातानं फेकायला तुम्ही लावलंत, त्याचं काय करायचं ते मला चाळीस वर्षं कळलं नाही.

आता माझ्या घरचा चहा सांगते. चंद्रपुरात मूल रोडच्या बाजूला माझं घर आहे, खाली दोन खोल्या, मागे नळ, पुढे मोठा ओटा. माझे मालक गेले, मुलगा पुण्याला. रविवारी दुपारी चार वाजता माझ्या दोन मैत्रिणी येतात. एक माझ्याच वॉर्डातली, मूल गावाकडची, तोंडानं फटकळ. दुसरी शेजारची गल्ली सोडून राहते, माहेर सिरोंच्याचं, घरात तेलुगू बोलते. पहिली सांबारवडी आणते, सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला तिला सगळी सकाळ लागते आणि त्याबद्दल ती येतानाच कुरकुरत येते. दुसरी अरिसे आणते, अनारशासारखे, तुपात तळलेले, बोटाला लागलेलं तूप आम्ही चाटून घेतो. मी आयते करते, तांदळाच्या पिठाचे पातळ, गरम गरम. कप पालथे ठेवावे लागतात, कारण कोळशाची धूळ अर्ध्या तासात बसते. आणि बाई, मी सगळं तुम्ही शिकवल्यासारखं मांडते. किटली गरम पाण्यानं धुते. दूध वेगळं. कान उजवीकडे. मग आम्ही तिघी तो चहा बशीत ओततो आणि फुर्र फुर्र आवाज करत पितो. मला त्यात जो आनंद होतो तो नुसत्या चहाचा नसतो. तुमचं एकेक शिकवणं नीट मांडायचं आणि मग ते मोडायचं. मैत्रिणींना वाटतं, मला मांडण्याची हौस आहे.

गेल्या थंडीत सिरोंच्यावाली एका नव्या बाईला सोबत घेऊन आली. तिच्या इमारतीत नुकतीच राहायला आलेली, नवऱ्याची बदली झाली म्हणून. चाळिशी उलटलेली, गोरी, बोलायला मोकळी. हातात नानकटाईचा डबा. "ही माझ्या आईची पद्धत," ती म्हणाली. "आई गृहशास्त्र शिकवायची. लग्नानंतर काही वर्षं तिकडे जंगलात होती, शाळेवर. मी तेव्हा आजीकडे नागपूरला." माझा हात किटलीवरच राहिला. तिनं फोन काढून फोटो दाखवला. फोटोत तुम्ही होता. केस पिकलेले, चष्मा, पण ओठ तसेच घट्ट मिटलेले. मग तिनं माझ्या ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती छान. अगदी आईसारखं मांडलंय तुम्ही. आई सांगायची, तिकडच्या मुलींना कपाचा कान कुठे ठेवायचा तेही माहीत नसायचं, सगळं तिनं शिकवलं. फार जीव लावला तिनं त्या मुलींना." मी म्हटलं, "हो का?" आणि तिला विचारलं, साखर किती चमचे. नानकटाई मी खाल्ली. खुसखुशीत होती. पुढच्या रविवारी नक्की या, म्हणून मी तिला आग्रह केला, आणि तिला फार बरं वाटलं.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. मोहफुलं माझ्या घरात असतातच, भाऊ पाठवतो. पण उखळ नव्हतं. मिक्सरमधून काढली तर त्याचा चिकट गोळा झाला, सगळा फेकला. मग शेजारणीचा लोखंडी खलबत्ता आणून दोन दिवस ड्यूटीवरून आल्यावर थोडं थोडं कांडलं. खांदे भरून आले. मायचे खांदे कसे दुखत असतील याचा विचार मी त्या वेळी केला नाही. मी तुमचा विचार करत होते. तुमच्या मुलीचं तोंड वाकडं होईल, ती हळूच लाडू बशीत ठेवील, आणि मग मी बोलीन. सगळं वाक्य न् वाक्य तयार होतं.

तिनं तीन लाडू खाल्ले. "खजूर आहे का यात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मोह." "मोह? म्हणजे जंगलातला? अहो, काय सुंदर लागतं. मला शिकवाल?" वॉर्डवालीनं लगेच तिला फुलं कशी भाजायची ते सांगायला सुरुवात केली, सिरोंच्यावालीनं आपल्याकडे त्यात काय काय घालतात ते सांगितलं, तिघी हसत होत्या, ऊन ओट्यावर आलं होतं, आणि मी एकटी तिथं तयार वाक्यं घेऊन बसले होते. तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. मी ते ठरवलेलं नव्हतं. "तुम्ही आहातच, तर एवढे कप विसळून द्या," मी तिला म्हटलं.

मैत्रिणी माझ्याकडे बघायला लागल्या. पाहुण्या बाईला कप धुवायला कोण सांगतं? पण तुमची मुलगी पटकन उठली. "द्या ना, त्यात काय," म्हणाली आणि ट्रे घेऊन मागे गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. तिनं साडी वर खोचली, नळ सोडला, आणि कप धुता धुता गुणगुणायला लागली. बाई, ते गुणगुणणं मला सहन झालं नाही. तिला आपल्याला शिक्षा होते आहे हेच कळत नव्हतं. मी मागच्या दारानं तिच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. माय कशी आली, डबा, पायरी, निळ्या फुलांचे कप, 'आहे गावातली एक', तो शेरा. तुम्ही कशा हसलात तेही सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, तुमच्यासारखंच.

नळ चालूच होता. हातातला कप खाली ठेवून ती म्हणाली, "आई?" जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तेव्हा सांगितलं नाही का, ही माझी आई आहे म्हणून?"

"मी चौदा वर्षांची होते," मी म्हटलं.

"मी दोन वर्षांची होते," ती म्हणाली.

दोन कप उरले होते. तिनं ते धुतले, पालथे घातले, हात साडीला पुसले आणि पुढच्या खोलीतून पर्स घेऊन निघून गेली. सिरोंच्यावाली तिच्यामागे धावली. वॉर्डवाली उठली नाही. तिनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

"हे काऊन केलं व तू?" ती म्हणाली. "तिचा काय गुन्हा होता?"

"माह्या मायचा काय होता?"

"तं मंग त्या बाईत अन् तुह्यात फरक काय राह्यला?"

"ते मेली," मी म्हटलं. "मी जित्ती हाव. येवढाच."

उरलेले लाडू वॉर्डवालीनं एका डब्यात भरले आणि घरी घेऊन गेली, बहुधा मी ते फेकीन असं तिला वाटलं. त्यानंतरचे दोन रविवार सिरोंच्यावाली आली नाही. वॉर्डवाली आली, पण सांबारवडी न आणता, आणि आम्ही दोघी टीव्ही बघत चहा प्यायलो. मला पश्चात्ताप झाला असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही झाला. रात्री मला शांत झोप लागत होती. फक्त 'मी दोन वर्षांची होते' हे वाक्य ड्यूटीवर सलाईन लावताना, लिफ्टची वाट बघताना मध्येच यायचं, आणि मी मनातल्या मनात त्याला उत्तर द्यायची, की तुझी आई तर दोन वर्षांची नव्हती ना.

मग ती तिसऱ्यांदा आली. मधलाच वार होता, माझी सकाळची ड्यूटी संपवून मी नुकतीच घरी आले होते, चहाचं आधण ठेवत होते. ती एकटीच होती. मी तिला खुर्ची दिली. ती बसली, पर्स मांडीवर धरून.

"मी माफी मागायला आले नाही," तिनं सुरुवातच अशी केली. "मागायची होती ती आईनं. मी मागून काय होणार?"

मी म्हटलं, बरोबर आहे. मला ती त्या क्षणी आवडली, हे मला मान्य केलं पाहिजे.

"मी मावशीला फोन केला होता," ती म्हणाली. "ती म्हणाली, असेल, तुझी आई तशी होती. मलाही आता एकेक आठवतंय. घरी कामाला यायच्या त्या बाईंचा कप वेगळा होता, खिडकीत ठेवलेला. मला तो रोज दिसायचा आणि मी कधी पाहिला नव्हता. ते सगळं मला पटलं. तुम्ही खोटं कशाला सांगाल?" मग ती खुर्चीत पुढे सरकली. "पण एक विचारायचं आहे. आई खरंच हसली?"

मी आधणाकडे बघितलं.

"आई फारशी हसायची नाही," ती सांगत राहिली. "लोकांसमोर तर नाहीच. घरात मात्र माझ्याशी हसायची, अगदी पोट धरून, तोंडावर पदर घेऊन. ती गेल्यावर तिचा चेहरा मला पुसट होत गेला, फोटो बघितल्याशिवाय आठवत नाही. ते हसणं तेवढं राहिलं होतं. आता ते आठवलं की तुमच्या आई दिसतात, नळापाशी बसलेल्या. गेले पंधरा दिवस असंच होतंय. म्हणून विचारते. तुम्ही तेव्हा लहान होता, काही चुकीचं लक्षात राहिलं असेल. ती हसली होती का?"

आधण उकळत होतं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जसे नातेवाईक ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आमच्याकडे बघतात. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हो. हसल्या होत्या."

तिनं मान हलवली. चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाली. फाटकाची कडी तिनं हळूच लावली, आवाज न करता, आणि गेली. त्यालाही आता महिना झाला. सिरोंच्यावाली पुन्हा यायला लागली आहे, तुमच्या मुलीबद्दल ती काही बोलत नाही आणि मी विचारत नाही.

तुम्ही माझ्या मायकडून काय घेतलंत ते तुम्हाला कधी कळलं नाही. मी तुमच्याकडून काय घेतलं ते मात्र मला नीट ठाऊक आहे. तुम्ही या जगात जेवढ्या उरल्या होत्या, तेवढ्या तुमच्या मुलीच्या मनात उरल्या होत्या, तोंडावर पदर घेऊन हसणाऱ्या. ती जागा मी घेतली. आता तिथं माझी माय बसली आहे. वॉर्डात तुम्हाला पाण्यासाठी ताटकळत ठेवलं असतं तर एवढं कधीच साधलं नसतं.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, पण तिला पोचू शकतं. तिचा पत्ता मला माहीत आहे, नंबर फोनमध्ये आहे. ती हे वाचील तर तिचं सगळं तिला परत मिळेल, कारण बाई, तुम्ही त्या दिवशी हसला नव्हता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही नाही. तुम्ही माझ्या मायकडे बघितलंच नाहीत, आणि ते न बघणं सांगितलं असतं तर तुमच्या मुलीला त्यात विशेष काही वाटलं नसतं, म्हणून नळापाशी उभं राहून मी ते हसणं माझ्या मनानं घातलं. ती विचारायला आली तेव्हा काढून घेता आलं असतं. मी हे पत्र तिला पाठवणार नाही.